विहीणबाईंचा अँप मी जाळला नाही

ये, अशी जवळ ये बघू. हे वाचताना तरी हातातला तो दुसरा फोन खाली ठेव. महिना महिना तुला आजीची आठवण येत नाही, आणि परवा आली तर विचारलंस काय? "आजी, त्या आजीचा अँप तू जाळलास म्हणे?" अगं, आधी 'कशी आहेस' तरी म्हणायचं. माझा गुडघा कसा आहे, आजोबांचा खोकला थांबला का, काही नाही. थेट अँप. आणि वर 'म्हणे'. पोलिसातला माणूससुद्धा आधी बसायला सांगतो गं.

फोनवर मी सांगायला लागले की तू मध्येच म्हणतेस, "आजी, शॉर्टमध्ये सांग." शॉर्टमध्ये सांगण्यासारखं असतं तर मी लिहायला कशाला बसले असते? शाळा माझी सातवीला सुटली. लिहिणं मी पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले आणि गिटार समोरच्या खिडकीतून ऐकत ऐकत. दोन्हीत कुणी हात धरून शिकवलेलं नाही, तेव्हा चुका काढायच्या तर खुशाल काढ. पण शेवटपर्यंत वाच.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अँप मी जाळला नाही. तो त्यांनी स्वतःच्या हाताने जाळला, भर हॉलमध्ये, सगळ्या पाहुण्यांदेखत. मी जे केलं ते त्यानंतर केलं, आणि ते त्यांना अजून माहीत नाही. तू जाऊन सांगितलंस तरी माझी हरकत नाही. उलट सांगच.

तू वाजवतेस ती गिटार गळ्यात अडकवायची. माझी मांडीवर आडवी ठेवायची, हवाईयन. आमच्या तरुणपणी पुण्यात गल्लोगल्ली कुणी ना कुणी ती वाजवायचं. डाव्या हातात स्टीलची कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, आणि कांडी तारेवरून सरकवली की सूर माणसाच्या गळ्यासारखा लांबत जातो. ऐकायला सोपं वाटतं. पण तुझ्या गिटारला पडदे असतात. बोट जरा अलीकडे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. माझ्या गिटारवर पडद्यांच्या नुसत्या रेघा. कांडी केसभर मागे पडली की सूर उतरलेला, केसभर पुढे पडली की चढलेला. सांभाळून घेणारं कुणी नाही. वीस वर्षं वाजवल्यावर मला वाटायला लागलं की आता ऐकवण्यासारखं वाजतंय.

आणि ही गिटार भरीव लाकडाची, पाटासारखी. आत पोकळी नाही, त्यामुळे अँप नसेल तर ती मुकीच. माझा अँप इथेच पुण्यात, वारज्याच्या एका माणसाने बनवून दिलेला. लाकडी खोका, वर काळं रेक्झीन, पुढे जाळी, आणि आवाजाचं बटण मागच्या बाजूला. "अहो, बटण पुढे नको का?" असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पुढे जाळी आहे." विषय संपला. आम्ही घरात त्याला डबाच म्हणतो.

तू चार वर्षांची होतीस तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा तिकडे, अमेरिकेत आलो. तुझ्या बाबाचा सारखा धोशा, "आई, गिटार आण, इथे सगळ्यांना ऐकव." गिटार आणायची तर डबा आणायलाच हवा. मेतकूट, भाजणी, लोणचं सगळं आजोबांच्या बॅगेत कोंबलं आणि माझ्या बॅगेत डबा, दोन जुन्या साड्यांत गुंडाळून. विमानतळावर त्यांनी उघडायला लावलं. "ह्यात काय आहे?" मी म्हटलं, "आवाज." आजोबांनी मला कोपराने ढोसलं.

आता तुझ्या आईची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई. मूळच्या पुण्याच्याच, पण तुझ्या मामाच्या मागोमाग तिकडे जाऊन राहिल्या. एकदा माणूस तिकडे राहिलं की पुण्याचं 'तुमचं पुणं' होतं. "तुमच्या पुण्यात अजून कचरा असाच का हो?" "तुमच्या पुण्यात आता फिरायला जागा तरी आहे का?" मी हो ला हो करायची. सुनेच्या माहेरची माणसं, त्यातून आपण पाहुणे. पण दिवाळीच्या फराळाला त्यांनी घरी पुष्कळ माणसं बोलावली, तुझ्या मामाचे मित्र, त्यांच्या बायका, मंडळातली माणसं, आणि मला म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची गिटार आणा हं. आमच्या लोकांना जरा पुण्याचं काहीतरी ऐकू दे." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी महिनाभर एकच गाणं घोटत होते. जुनं गाणं आहे. त्यात एक जागा आहे, सूर वर जाऊन थबकतो आणि तिथून सावकाश खाली येतो, कुणी जिन्यावरून पदर सावरत उतरावं तसा. ती उतरण नीट यायला माझा एक अख्खा पावसाळा गेला होता.

तर दुपारची वेळ, घर माणसांनी भरलेलं, चकल्यांचा कुडूमकुडूम आवाज चाललेला. माझ्या डब्याची पिन तीन गोल काड्यांची आणि तिथल्या भिंतीत चपट्या फटी. मी बघतच राहिले. विहीणबाईंनी ओट्याच्या खणातून एक पांढरी पिन काढून दिली. "ही घ्या. पिन बसली की झालं. वीज काय हो, सगळीकडे सारखीच." मी म्हटलं, ह्या इथे राहतात, ह्यांना माहीत असणार.

पिन बसली. डब्यावरचा लाल दिवा लागला, पण तेल संपलेल्या समईसारखा. मी पहिला सूर छेडला आणि आतून जे निघालं ना, त्याला आवाज म्हणवत नाही. मच्छरदाणीच्या बाहेर डास असतो बघ, तसं. मी बटण फिरवलं, आणखी फिरवलं, संपेपर्यंत फिरवलं. नुसती खरखर. पहिल्या रांगेतल्या बायका दोन मिनिटं सभ्यपणे पुढे वाकून बसल्या, मग एकीने दुसरीला चिवड्याची रेसिपी विचारली. मी वाजवत राहिले. थांबायचं कसं हेच सुचेना. ती जागा आली, सूर वर गेला, आणि कधी खाली आला ते माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही.

तेवढ्यात विहीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "अहो विहीणबाई, आम्ही कान लावून बसलोय हं, पण कान तरी किती लांब करायचे माणसाने?"

सगळं घर हसलं. तुझी आई हसली, तुझा बाबा हसला. त्यांचा मला राग नाही, बोलल्याच होत्या तशा. पण विहीणबाई तिथे थांबल्या नाहीत. "असू द्या, असू द्या. वारज्याच्या डब्याला इथलं पाणी मानवलेलं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी माईक उचलला. माईक तयारच होता गं! शेजारी मशीन, त्यात गाणी भरलेली. आणि त्या गायला लागल्या. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मी गिटार मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले, कारण उठायचं तर त्यांच्या पुढून जावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबाने डबा उलटा करून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "आई, हा दोनशेतीस व्होल्टचा आहे. इथे घरात एकशेवीसच येते. निम्म्या विजेवर तो बिचारा काय बोलणार?" मग म्हणाला, "वीज वाढवायचं एक यंत्र मिळतं, आणू का?"

मी म्हटलं, "आता नको. मला घरात बसून वाजवायचं नव्हतं. त्या लोकांसमोर वाजवायचं होतं. आणि हे व्होल्टेजचं कुणाला सांगू नकोस."

"का गं?"

"असंच."

त्याला वाटलं, मला लाज वाटते. लाज वाटली होती, ती आदल्या दिवशी. आता मला वेगळंच काहीतरी वाटत होतं. त्याच माणसांनी मला नीट ऐकलं पाहिजे, आणि त्याच माणसांसमोर ह्या बाईची बोलती बंद झाली पाहिजे. एवढं झालं की मग मी खुशाल म्हातारी व्हायला मोकळी.

आजोबा समजूत घालत होते. "अगं, त्यांना खरंच माहीत नसेल विजेचं."

"माहीत नव्हतं, मग हसल्या कशाला?"

आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं.

लोक म्हणतात, मी मायाळू आहे, कुणाचं काही मनात धरत नाही. लोक मला ओळखत नाहीत. पुण्याला परत आल्यावर मी रोज पोळ्या लाटताना ते हसणं आठवायची आणि पोळ्या अशा पातळ व्हायच्या की आजोबा म्हणायचे, "आज कुणावर लाटलीस?"

मग एक दिवस घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. विहीणबाई, आणि मांडीवर काय? हवाईयन गिटार! ऑनलाइन क्लास लावला म्हणे. शेजारी नवाकोरा अँप, निळे दिवे, चकचकीत. खाली तुझ्या मामीने लिहिलेलं, 'आईंचा नवा छंद.' मी ते तीनचारदा पाहिलं. डोळे मिटून पाहिलं, म्हणजे ऐकलं. कांडी सगळीकडे केसभर मागे पडत होती. मी खाली 'छान' एवढंच लिहिलं. आजोबांनी वाचलं आणि म्हणाले, "बापरे."

पुढच्या वर्षी तुझ्या तिकडच्या आजोबांची पंचाहत्तरी. समारंभ पुण्यात करायचा ठरला, कर्वेनगरच्या हॉलमध्ये. तिकडून तुझे मामा, त्यांचे मित्र, मंडळातली दोन जोडपी, दिवाळीतली बहुतेक तीच माणसं सुट्टी जुळवून येणार. विहीणबाई आमच्याकडे आमंत्रण द्यायला स्वतः आल्या. मी कुंकू लावलं, ओटी भरली, कॉफी टाकली. मानपानात मी कधी कमी केलेलं नाही, ते तुझ्या आईला विचार.

त्या म्हणाल्या, "औक्षण झालं की जेवणाच्या आधी माझा कार्यक्रम ठेवलाय. गिटारचा. वेळ उरला तर तुम्हीही वाजवा हं एखादं."

"वेळ उरला तर," मी म्हटलं.

"तुमचा तो डबा आहे का हो अजून? नाहीतर माझा अँप आहेच. खास बरोबर आणलाय. ही बघा, पिनसुद्धा आणलीय." आणि पर्समधून पिन काढून दाखवली, आमच्याकडच्या भिंतीत बसणारी.

आता नीट वाच. आमच्या स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी एक जड लोखंडी ठोकळा आहे. तुझ्या बाबाने एकदा तिकडचं कॉफीचं मशीन आणलं, तेव्हा त्याच्यासाठी घेतलेला. इथली वीज त्यातून गेली की तिकडच्याइतकी उतरते. मशीन बिघडलं, ठोकळा राहिला. विहीणबाई जिथे बसून कॉफी पीत होत्या तिथून तो सरळ दिसत होता. मी काही लपवून ठेवला नव्हता.

आणि मी त्यांना सांगितलंही. सांगितलं नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण सांगायच्या तऱ्हा असतात. एक तऱ्हा म्हणजे, 'अहो थांबा, जळेल तो, हा ठोकळा घेऊन जा.' मी कॉफीचा कप पुढे सरकवला आणि अगदी प्रेमाने म्हटलं, "विहीणबाई, इतकी वर्षं तुम्ही बाहेर, तुमच्या लक्षात नसेल, पण आमच्या पुण्याची वीज जरा जोरकस असते हं. झेपेल ना तुम्हाला?"

त्या ताठ झाल्या. "अहो, मी शनिवार पेठेत वाढले. मला पुण्याची वीज शिकवता?"

"छे हो. मी कोण शिकवणारी? साखर हवी का अजून?"

असं सांगितल्यावर ती बाई जीव गेला तरी ठोकळा मागणार नव्हती, हे मला माहीत होतं. म्हणून तर तसं सांगितलं.

समारंभाच्या दिवशी रिक्षात बसताना आजोबांनी विचारलं, "ठोकळा घेतलास?"

"डबा घेतलाय."

"मी ठोकळ्याचं विचारतोय."

"जड आहे तो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चला."

तुझ्या तिकडच्या आजोबांना पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं, ते छान झालं. तू तेव्हा हॉलच्या मागे पोरांत पकडापकडी खेळत होतीस, म्हणून तुला पुढचं काही आठवत नाही. विहीणबाई पैठणी नेसून पुढे आल्या. माईकवरून म्हणाल्या, "मी काही मोठी कलाकार नाही," आणि मग बराच वेळ आपण कसं शिकलो ते सांगितलं. गिटार मांडीवर घेतली. तुझ्या मामाने पिन लावली. "आई, ऑन करू?" "कर."

फट्! एवढाच आवाज. निळे दिवे एकदा डोळ्यांत खुपतील इतके लखलखले आणि गेले. जाळीतून धुराची एक बारीक रेघ निघाली, रबर जळल्यासारखा वास आला आणि वरचे पंखे बंद पडले. हॉलचा व्यवस्थापक आतून पळत आला, बोर्डावरचा खटका वर केला, पंखे सुरू झाले. तुझ्या मामाने त्याला विचारलं, "तुमच्या विजेचा काही प्रॉब्लेम आहे का?" तो म्हणाला, "पंखे फिरतायत. आमची वीज बरी आहे. तुमचं तुम्ही बघा."

विहीणबाई गिटार मांडीवर घेऊन तशाच बसलेल्या. उठायचं तर सगळ्यांच्या पुढून जावं लागलं असतं. मी ते बघत होते. डोळे भरून बघत होते. तुला वाटेल आजी दुष्ट आहे. वाटू दे.

त्यांची नजर फिरत फिरत माझ्या खुर्चीखाली आली. तिथे डबा होता.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा तो... जरा मिळेल का?"

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

"तुमचा डबा. द्याल का?"

"अहो, मी कान लावलाय, पण जरा मोठ्याने बोला."

शेवटी त्यांना हॉलभर ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, "विहीणबाई, मला तुमचा डबा द्या हो!" दिवाळीतल्या त्या बायका तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी ऐकलं.

"हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं. डबा नेऊन त्यांच्या पाठीमागे ठेवला, तार जोडून दिली, आणि त्याच्याही मागे खुर्ची टाकून बसले. "त्याचं बटण मागे आहे ना, मी बघते. तुम्ही निश्चिंत वाजवा."

त्यांनी सुरुवात केली, आणि मी आवाज डासाएवढा ठेवला. अगदी मोजून मापून, तिकडे माझा जेवढा निघाला होता तेवढाच. आता वाजवा म्हटलं. आता बघू कोण चिवड्याची रेसिपी विचारतं.

पण झालं भलतंच. पुण्यातली माणसं गं! आवाज बारीक म्हटल्यावर सगळी गप्प झाली. पुढे वाकून, माना कलत्या करून ऐकायला लागली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "वा! काय हळुवार हात आहे! असं संयमाने वाजवायला तपश्चर्या लागते." तपश्चर्या! ऑनलाइन क्लासची! माझ्या कानातून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. सूड उगवायला म्हणून मी आवाज दाबला, आणि त्या आवाजात त्यांची एकसुद्धा चूक कुणाच्या कानापर्यंत पोचत नव्हती. मीच त्यांच्या कच्च्या सुरांवर पांघरूण घालत होते!

मग मी बटणावर बोटं ठेवली आणि वाढवायला सुरुवात केली. एकदम नाही. दूध तापायला ठेवल्यासारखं, कणाकणाने. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यापर्यंत आवाज चांगला खुला झाला. तिसऱ्यापर्यंत हॉल भरला. आणि माझा डबा पुण्याच्या विजेवर काय बोलतो, हे तिकडच्या लोकांनी पहिल्यांदा ऐकलं. कांडी केसभर मागे पडली की ते केसभर आता खांबाएवढं दिसायला लागलं. लांब सूर तर असे यायचे की मांजराच्या शेपटीवर कुणी पाट ठेवलाय. त्या हात हलका करून बघायच्या, मी आणखी थोडं बटण फिरवायची. त्यांना वाटत होतं, आपलाच हात जड पडतोय. एक तान्हं बाळ रडायला लागलं. हळुवार हात म्हणणारे गृहस्थ डोळे उघडून घड्याळ बघायला लागले. आणि तुझे तिकडचे आजोबा, ज्यांचा सत्कार, ते पहिल्या रांगेत हार घालून बसलेले, त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं.

तुझ्या बाबाने मागे येऊन माझ्या कानात विचारलं, "आई, आवाज कोण वाढवतंय?"

"जुना डबा आहे रे. तापला की वाढतो."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी काही पाहिलं नाही," आणि पाणी प्यायला गेला. शहाणा मुलगा आहे तुझा बाबा.

संपलं एकदाचं. टाळ्या वाजल्या, सुटलो म्हणून वाजतात तशा. आणि वेळ उरला होता.

मी पुढे जाऊन बसले. बटण बेताचं ठेवलं, मागे कुणी बसायची गरज नव्हती. तेच गाणं घेतलं. तुला काय वाटतं, सगळे भारावले वगैरे? तसं काही नाही. जेवणाच्या खोलीतून मसालेभाताचा वास यायला लागला होता. निम्मी माणसं तिकडे बघत होती. तिसऱ्या रांगेतल्या बायका ऐकत होत्या, त्यातली एक दुसरीला म्हणालीही, "अगं, ह्या तर छान वाजवतात, तेव्हा काय झालं होतं ह्यांना?" तेवढं मला ऐकू आलं आणि मला पुरलं असतं. पण खरं ऐकत होतं ते एकच माणूस.

विहीणबाई नवऱ्याशेजारी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचा डावा हात मांडीवर होता, आणि तो पैठणीवर माझ्याबरोबर सरकत होता. कांडी धरल्यासारखी बोटं वळलेली. माझा सूर वर गेला, त्यांचा हात वर गेला. मी थबकले, त्या थबकल्या. आणि मी उतरायला लागले तेव्हा त्यांचा हात तिथेच राहिला. उतरायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला. सगळ्या हॉलमध्ये ते काय होतं हे त्यांना एकट्यांनाच कळलं, कारण एवढ्यातच त्या स्वतः ते करायला गेल्या होत्या. आणि दिवाळीला आपण कशावर हसलो होतो, हेही त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या कुणी माझी तारीफ केली असती तर मी विसरून गेले असते. तो चेहरा मी विसरणार नाही. अँप जळला त्यापेक्षा हे जास्त भाजलं असणार, आणि ते मी केलं.

माणसं पानांवर बसायला गेली. त्या मागे रेंगाळल्या. "विहीणबाई, ती खाली यायची जागा... ती कशी हो घेता?"

"सरावाने," मी म्हटलं, आणि जेवायला गेले. जिलबी परत मागून घेतली.

पश्चात्ताप वगैरे काही नाही. आजोबा अधूनमधून म्हणतात, "पुरे आता, त्याही बिचाऱ्या..." मी म्हणते, बिचाऱ्या असत्या तर 'अँप तिनेच जाळला' असं अमेरिकाभर सांगत फिरल्या नसत्या. नाहीतरी दुसरं काय सांगणार? मोठ्या आवाजात वाजवलं आणि हसू झालं, हे कोण स्वतःहून सांगतं? सांगू देत. त्यांच्याकडून जाळण्याचा आळ आला म्हणजे अजून दुखतंय, आणि दुखतंय हे ऐकून मला बरं वाटतं.

आता ह्या हिवाळ्यात त्या पुन्हा येणार आहेत. परवा निरोप आला, "तुमच्याकडे दोन महिने शिकायला आले तर चालेल का?" मी हो म्हटलंय. शिकवीन की. कांडी कशी धरायची, नख्या कशा घालायच्या, सूर कुठे लागतो, सगळं. वर कसं जायचं तेही शिकवीन. खाली कसं यायचं ते मात्र नाही. ते मी त्यांच्या नातीला शिकवणार आहे, आणि मग ती त्यांच्यासमोर वाजवेल, त्यांच्या घरी, त्यांच्या माणसांत. माझा बेत हा असा आहे, आता तुला कळला.

म्हणून तू लवकर ये. त्यांच्या आधी ये. तुझा अँप तिथेच राहू दे, इथली वीज त्याला मारून टाकेल, माझा आहे. परीक्षा झाली की लगेच तिकीट काढायला सांग बाबाला, आणि इकडे उतरलीस की आधी आमच्याकडे ये, बाकीच्यांकडे मग जाता येईल. मी उन्हाळ्याचे पापड करून ठेवलेत, खालच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतलाय. येतेस ना? ये बाई, वाट बघते.